अठरापगड भज्जी

मार्गशीर्ष अमावस्येच्या दुपारी कळंबच्या बाजारपेठेत एकटे उभे राहिलात तर वाटेल, गावात संचारबंदी लागली. शटरं खाली. हॉटेलांच्या भट्ट्या गार. रोज हॉर्नला वैतागलेली कुत्री भर रस्त्यात पाय ताणून ऊन खात पडलेली. अख्खं गाव गेलं कुठं? रानात. ज्याचं शेत आहे तो स्वतःच्या शेतात, ज्याचं नाही तो शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या, आणि बदलीवर बाहेरून आलेला साहेब ज्यानं सगळ्यात आधी बोलावलं त्याच्या. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टीच जाहीर करतात. पंचांगवाले हिला दर्शवेळा अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस म्हणतो, आणि सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीकडं ही एळ्ळ अमावास्या. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला आली, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला.

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी असते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. शेजारी आंबिलाचं बिंदगं, म्हणजे छोटी कळशी. पूजा झाली की आंबील शिंपत शेताला फेरी मारायची. तेव्हा तोंडात जे शब्द असतात ते निम्मे कानडी, आणि त्यांचा अर्थ विचारला की मोठी माणसं हसून विषय बदलतात. मग जेवण. सजगुऱ्याचे उंडे (बाजरीला आमच्याकडं सजगुरा म्हणतात), गव्हाची खीर, धपाटे, तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, प्यायला आंबील. आणि या सगळ्याच्या मधोमध, मोठ्या पातेल्यात, भज्जी.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा: ही कांदाभजी नव्हे. तळणाशी हिचा संबंध नाही. रानात त्या घडीला जे जे हिरवं, ओलं, कोवळं मिळेल ते सगळं एका पातेल्यात शिजवायचं, चिंचेच्या पाण्यात कालवलेलं डाळीचं पीठ लावायचं, वरून लसणाची झणझणीत फोडणी द्यायची. दिसायला हिरवट-पिवळी, सरसरीत. रूपावर जाऊ नका.

माझा एक भाचा आहे, नऊ वर्षांचा, पुण्यात वाढलेला. पोह्यातली कोथिंबीर बोटानं वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावणारा. येळवशीला पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं भज्जीच्या तीन वाट्या संपवल्या. तिसऱ्या वाटीला थांबून त्यानं संशयानं विचारलं, "मामा, ही भाजी नाही ना?"

"नाही रे, भज्जी आहे."

त्याची आई म्हणजे माझी बहीण सांगायला निघाली होती की यात मेथी आहे, चुका आहे, वाल आहे. आमच्या आईनं तिला डोळ्यांनीच दटावलं. "गप खाऊ दे की लेकराला. नाव सांगितलं की थांबल."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या पातेल्यात नीट डोकवावं.

मी मोजायला बसलो. ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, वाल, पावटा, वाटाणा, भुईमूग: सहा कडधान्यं आणि शेंगा. मेथी, आंबट चुका, कांद्याची पात, लसणाची पात, कोथिंबीर: अकरा. गाजर, वांगं, हिरवी मिरची: चौदा. चिंच, बोरं: सोळा. लसूण आणि त्याची पात एकाच झाडाची, म्हणून लसूण वेगळा धरला नाही. हरभऱ्याच्या डाळीचं पीठही नाही धरलं. आलं, जिरं, हळद: एकोणीस. भज्जीबरोबर उंड्यातली बाजरी, आंबिलातली ज्वारी, खिरीतला गहू आणि गूळ म्हणजे ऊस, चटणीतला तीळ: चोवीस. जेवणानंतर खाल्लेला पेरू: पंचवीस. घराघरात ही यादी वेगळी निघेल. कुणी घेवडा घालतं, कुणी बोरं घालत नाही. पण वीसच्या खाली क्वचितच कुणी येईल. अठरापगड म्हणतात ती ही.

आता हे पाहा. 'अमेरिकन गट प्रोजेक्ट' नावाच्या प्रकल्पात हजारो लोकांनी स्वतःच्या विष्ठेचे नमुने पाठवले, त्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासले गेले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जी माणसं आठवड्याला तीसपेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खात होती त्यांच्या आतड्यातलं जिवाणूंचं जग दहा किंवा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त वैविध्याचं होतं. शाकाहारी की मांसाहारी यापेक्षा किती प्रकारच्या वनस्पती पोटात जातात याच्याशी ते जास्त जुळत होतं. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी आठवड्याचा तीसचा आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आम्ही एका दुपारी, मांडी घालून, पंचवीसपर्यंत पोचतो.

या जिवाणूंना वैविध्य का लागतं तेही सुंदर आहे. भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो पुढं मोठ्या आतड्यात जातो, आणि तिथं त्याची वाट पाहणारे असतात. वालाचा चोथा वेगळा, कांद्याचा वेगळा, ज्वारीचा वेगळा. प्रत्येकाला फोडणारे कारागीर निराळे. ते हा चोथा आंबवून जी आम्लं तयार करतात त्यांतलं एक, ब्युटिरेट, हे आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. म्हणजे आपण आपल्याला जे पचत नाही ते खातो, म्हणून आपलं आतडं जेवतं.

पण मला खरं थक्क केलं ते तारखेनं. येळवस नेमकी याच अमावस्येला का? महिनाभर आधी हरभऱ्याला घाटे नसतात. दोन महिन्यांनी तूर काढून झालेली असते, मेथी फुलावर गेलेली. पेरणी जूनची असो वा ऑक्टोबरची, दोन्ही हंगामांतलं ओलं खाणं एकाच वेळी रानात उभं असतं ते याच दिवसांत. पावसाळ्यातली तूर शेंगांनी लगडलेली, रब्बीचा हरभरा नुकता घाट्यावर आलेला, बांधावरची बोरं पिकू लागलेली, चिंच गाभुळण्याच्या वाटेवर. हा दिवस ज्यानं कुणी ठरवला त्यानं पंचांग रानात बसून लिहिलं असावं.

आणि हे सगळं पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झाल्यावर! मांजरेच्या काठचा हा पट्टा अवर्षणाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तरी डिसेंबरात कोरडवाहू रान हिरवं कसं? उत्तर पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थिजला, त्याचा काळा पत्थर झिजून ही काळी माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या गड्ड्या. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेलं की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात या मातीनं जे पाणी धरून ठेवलं त्याच ओलीवर हरभरा आणि ज्वारी येते. भज्जीतलं पाणी असं तीन महिन्यांपूर्वीचं असतं.

हरभऱ्याचा डहाळा कधी हातानं उपटला असेल तर ठाऊक असेल, बोटं आंबट होतात. सकाळी दवात हरभऱ्यातून चाललं की पायांची आग होते, चपलांचा रंग उडतो. झाडाच्या अंगावर बारीक लव असते आणि तिच्या टोकांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचे थेंब. जुने शेतकरी रात्री पिकावर धोतर पसरायचे आणि पहाटे ते पिळून 'आंब' गोळा करायचे, पोटदुखीवरचं औषध म्हणून. झाडानं मात्र ही आंब माणसाच्या पोटासाठी केलेली नाही. तिच्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळं घाटेअळीच्या पिल्लांची वाढ खुंटते. अळीला ज्यानं जेवण नकोसं होतं त्यानंच आपली लाळ सुटते. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी चिंच न घालता आंबट लागते ती याच कारणानं. आणि शेंडे खुडले की झाड चिडून बाजूनं जास्त फांद्या काढतं, फांद्या वाढल्या की घाटे वाढतात. भाजी खाल्ली म्हणून पीक वाढलं, असा व्यवहार दुसरीकडं कुठं बघायला मिळेल?

भाच्याला मेथी कळली कशी नाही, याचंही उत्तर पातेल्यात आहे. जिभेवर चवी एकमेकींना नुसत्या भेटत नाहीत, दाबतातही. मीठ कडवटपणा दाबतं, आणि त्यामुळं मागं राहिलेला गोडवा वर येतो. १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात यावरचे प्रयोग छापून आले होते. आता भज्जीत गोडवा कुठून? ओल्या दाण्यांतून. वाटाणा, तूर, हरभरा ओले असताना त्यांच्यात साखर असते, आणि शेंग तोडली की तासातासाला तिचा स्टार्च होत जातो. मंडईत दोन दिवस पडलेला वाटाणा पिठूळ लागतो तो म्हणून. येळवशीचे दाणे सकाळी तोडलेले, दुपारी शिजलेले. शेत ते पातेलं हे अंतर तीस पावलांचं. मेथीच्या कडवटपणाला एका बाजूनं मिठानं धरलं, दुसऱ्या बाजूनं चिंचेनं, समोरून वाटाण्यानं. बिचारी बोलणार कधी?

आता जरा गंभीर गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. पालेभाज्यांत आणि कडधान्यांत लोह असतं हे शाळेपासून ऐकलेलं असतं. तरी हे कसं? कारण लोह ताटात असणं आणि अंगी लागणं यात मोठी दरी आहे. वनस्पतींतलं लोह बहुधा फेरिक रूपात, म्हणजे तीन धनभार घेऊन येतं. आतड्याच्या दारावरचा वाहक मात्र दोन धनभारांचं, फेरस रूपातलं लोह आत घेतो. शिवाय धान्यातला फायटेट त्याला वाटेतच धरून ठेवतो. शंभर भाग लोह खाल्लं तर जेमतेम पाच-दहा भाग आत जातं. इथं क जीवनसत्त्व मदतीला येतं: ते फेरिकचं फेरस करतं आणि लोहाला विरघळलेलं ठेवतं. फळांतली आंबट आम्लंही हातभार लावतात.

पण गोम अशी की क जीवनसत्त्व उकळल्यावर बरंचसं नष्ट होतं. पातेल्यात गेलेल्या बोरांचं ते फारसं उरत नाही, आणि चिंचेचा आंबटपणा तर मुळात टार्टारिक आम्लाचा. म्हणून भज्जीनंतर रानात पेरू फोडतात, पोरं बोरीखाली जातात, ते नुसतं तोंड गोड करणं नाही. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट. बोरात साठेक. सफरचंदात चार-पाच. दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना आपण काय नेतो? सफरचंद! पेरू नेला तर पाहुणा कंजूष ठरतो. आणि येळवशीच्या जेवणावर कुणी लगेच चहा पीत नाही, कारण कोपीत चहा करायची सोय नसते. चहातली टॅनिनं लोहाला पकडून ठेवतात, म्हणून घरीही जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवावं. मला हे कळून सात वर्षं झाली. पाळता येतंय ते दोन वर्षांपासून.

चुक्याबद्दलही सरळ सांगायला हवं. त्याची आंबट चव ऑक्झॅलिक आम्लाची, आणि ते कॅल्शियमला धरून बसतं. मुतखडा झालेल्यांनी चुका-पालक बेतानं खावा असं डॉक्टर सांगतात ते त्यामुळं. पण आंबिलातल्या ताकात कॅल्शियम असतं, ते ऑक्झॅलेटला आतड्यातच गाठून बाहेर नेतं. गाजराचं उलटं: ते शिजल्यावर जास्त देतं. त्यातलं कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं, शिजवल्यानं भिंती सैल होतात, आणि ते तेलात विरघळणारं असल्यामुळं सोबत तिळाची चटणी असली की काम सोपं. कोणत्याही आजीनं ऑक्झॅलेट किंवा कॅरोटीन हे शब्द ऐकलेले नव्हते. जिभेनं जे जमतं म्हटलं ते टिकलं, एवढंच. उगाच ऋषिमुनींना सगळं आधीच ठाऊक होतं असं म्हणण्यात मला रस नाही.

तर हिशोब. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका आपल्यासाठी जरा पुढं जाते: ४०० ग्रॅम भाज्या आणि शिवाय १०० ग्रॅम फळं. बटाटा यात धरायचा नाही. हे वाचून आपला वडापाव बाद झाला. चारशे ग्रॅम म्हणजे शिजलेल्या भाजीच्या ढोबळमानानं चार वाट्या. आपल्या रोजच्या ताटात भाजी किती असते? भाकरी लावून खायला पुरेल एवढी. भाजी हे आपल्याकडं तोंडीलावणं आहे. शब्दच सांगतो की तिला तोंडाला नुसतं लावायचं. येळवशीला तेवढा एक दिवस नातं उलटं होतं. भज्जी वाटीनं खातात आणि उंडा तिला लावतात.

मग उरलेले ३६४ दिवस?

आपल्या पंचांगात भज्जीच्या बहिणी आहेत. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी, बैलाच्या कष्टाचं काही न घालता केलेली. गौरीच्या जेवणातल्या सोळा भाज्या. पौषात भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भज्जी धरून चारही ठिकाणी युक्ती एकच: भाज्या एकेकट्या वाढू नका, एकत्र करा. माझ्या मते जास्त भाजी खाण्याचा आपल्या भाषेतला सगळ्यात सोपा उपाय हाच आहे, आणि तो सणांच्या ट्रंकेत ठेवून आपण वर्षभर बटाट्याची सुकी भाजी खातो.

ट्रंकेतून काढायला फार काही लागत नाही. पिठलं आठवड्यातून दोनदा होतंच. त्यात मूठभर कांद्याची पात, मेथी, चुका, जे असेल ते चिरून टाकलं की ती अर्धी भज्जी झाली. वरणाला पाला सोसतो: तुरीच्या डाळीत शेवग्याचा पाला, किंवा अंबाडी आणि ज्वारीच्या कण्या, वरून लसणाचं तेल. धपाट्याच्या पिठात किसलेला दुधी इतका जिरतो की पिठाला वेगळं पाणी लागत नाही. आणि चूल न पेटवता होणारा घोळाना तर आमच्या भागाची खास देणगी: हरभऱ्याचे कोवळे शेंडे नाहीतर मेथी, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, तिखट, कच्चं तेल, हातानं कालवायचं. सगळं कच्चं, म्हणून क जीवनसत्त्व शाबूत. लसूण घालणार असाल तर आधी ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवा. लसणाच्या पाकळीत एक रसायन आणि ते बदलणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात; ठेचल्यावरच दोघांची गाठ पडते आणि तो उग्र वास तयार होतो. अख्खी पाकळी म्हणूनच मुकी असते.

तणांना विसरू नये. पावसाळ्यात सोयाबीनमध्ये तणनाशक मारायच्या आधी आमच्या रानात पाथरी, तांदुळजा, कुरडू, घोळ अशा भाज्या फुकट उगवतात. घोळीचं पान मांसल आणि आंबूस. माशांच्या तेलामुळं गाजलेल्या ओमेगा-३ कुळातलं एक स्निग्धाम्ल तिच्यात पालेभाज्यांच्या मानानं भरपूर असतं. तिची आणखी एक कला आहे: पाणी तुटलं की ती श्वास घ्यायची वेळ बदलू शकते. दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते आणि कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवते, निवडुंगासारखी. बांधावर आपण जिला तुडवून जातो ती ही. आणि करडई! ज्वारीच्या कडेनं तिच्या ओळी लावायचे, काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही म्हणून. पण काटे येण्याआधीची तिची पानं म्हणजे उत्तम भाजी. आधी भाजी, मग कुंपण, शेवटी तेल.

चैत्र-वैशाखात मात्र कठीण. मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन माणूस भाव ऐकतो आणि परत ठेवतो. त्यासाठी हरभऱ्याची भाजी हिवाळ्यातच सावलीत वाळवून डब्यात भरलेली असते. शिजवली की घर माघ महिन्यासारखं दरवळतं, पण वाळवण्यात क जीवनसत्त्व जातं. उन्हाळ्यात ते आणायचं कुठून? यावरचं उत्तर शोधण्यात एक महायुद्ध कारणी लागलं.

डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात इराकमधल्या कुत गावी इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपल्याकडची ज्वारी-बाजरी खाऊन वाढलेली माणसं. अन्न संपत आलं तेव्हा गोऱ्या शिपायांनी घोड्यांचं मांस खाल्लं, बऱ्याच हिंदी शिपायांनी ते धर्म आड आला म्हणून नाकारलं. परिणाम विचित्र झाला. मैद्याच्या पावावर असलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला आणि आटा खाणाऱ्या हिंदी शिपायांना स्कर्व्ही: हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं, कोरड्या धान्यात आणि डाळीत नसतंच. पुढं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोन शास्त्रज्ञ बायकांनी गिनीपिगांवर प्रयोग केले आणि १९१९ मध्ये छापले. कोरडी कडधान्यं स्कर्व्ही थांबवत नाहीत. तीच भिजवून मोड आणली की थांबवतात.

थांबून विचार करण्यासारखं आहे हे. मटकीच्या कोरड्या दाण्यात जे नाही ते दोन दिवसांत, ओल्या फडक्यात, अंधारात तयार होतं. कुणी बाहेरून घातलेलं नसतं. जागं झालेलं बी आपल्या कोवळ्या पेशींच्या रक्षणासाठी ते स्वतः बनवतं. मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असताना, एक वाटी पाण्यात, स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलेली भाजीची बाग. वर लिंबू पिळायचं आणि शक्य तेवढी कच्ची खायची.

फळांचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिथं अडचण चवीची नसून आळसाची आहे. अख्खा पेरू फ्रीजमध्ये सुरकुततो. चार फोडी करून तिखट-मीठ लावून ओट्यावर ठेवला तर येता-जाता संपतो. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं, रस्त्याकडेची जांभळं, शाळेच्या दारातली बोरं यांना कुणी आहार म्हणत नाही, म्हणून ती खाल्लीही जातात. मुलांना नवी भाजी आवडायला आठ-दहा वेळा पुढ्यात यावी लागते, असं बालपोषणाचे अभ्यासक सांगतात. दोनदा नाकारली म्हणून तिसऱ्यांदा करायची नाही, ही घाई आपली.

आता येळवशीच्या आदल्या दिवशी कळंबच्या बाजारात तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे सोललेले दाणे वाट्यावर विकायला येतात, कारण रानंच बदलली आहेत. सोयाबीन आणि ऊस सलग लागतात. वाल-पावट्याची एखादी ओळ मध्ये घालायला कुणाला वेळ नाही. आमच्याच शेतात गेल्या वर्षी भज्जीसाठी पावटा सापडला नाही, शेजारच्या रानातून मागून आणला. आईला ते लागलं. यंदा तिनं कोपीच्या जागेपाशी स्वतःच्या हातानं वेल लावला आहे.

पुण्याला परत गेल्यावर बहिणीनं एक केलं. पिठल्यात मेथी आणि पात चिरून घातली, चार वाटाणे टाकले, चिंच कोळून घातली, आणि भाच्याला वाढताना म्हणाली, भज्जी आहे. त्यानं खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात चमच्यावर मेथीचं पान आलं, त्यानं ते उजेडात धरून पाहिलं, आईकडं पाहिलं आणि तोंडात टाकलं. मग त्याला मोजायचा नाद लागला. रात्री जेवण झालं की मला फोन येतो, आज सात, आज नऊ. परवा आवाज जरा चढलेला होता.

"मामा, आज अकरा झाल्या. हिंग धरायचा का?"

म्हटलं, थांब, आजीला विचारून सांगतो.